मामांच्या गिटारच्या तारा आधी उतरवा

प्रश्न : मी तीन वर्षांपासून गिटार शिकतेय. आतापर्यंत मैत्रिणीची वापरली, आता ती परत द्यायची आहे. घरी मामांची एक जुनी गिटार आहे. ते गेल्यापासून बारा वर्षं ती कपाटावर पडून होती. खाली काढून पुसली, पण तारा दाबताच येत नाहीत. बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे दांड्यावरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपाशी, मोजपट्टी लावून मोजलं तर जाडी तार सहा मिलिमीटर वर आहे. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) आतली बाक सुधारणारी सळई, फिरवून बघू म्हटलं तर त्याचं भोकच सापडेना. ही दुरुस्त करून घ्यावी, की जन्मभर पुरेल अशी एक चांगली गिटार एकदाच घेऊन टाकावी? आणि घेतली तर सांभाळायची कशी? सर म्हणतात, रोज रात्री तारा सैल करून ठेव. भाऊ म्हणतो, भिंतीवर टांग. तिसरे कुणी सांगतात, केसमधून काढूच नकोस. मामांच्या गिटारचे तीन फोटो सोबत पाठवतेय.

उत्तर : तुमचं पत्र एकदा वाचलं, पण फोटो चारदा पाहिले. बाकीचं सगळं सावकाश बोलू, आधी एक काम करा. मामांच्या गिटारच्या तारा आजच उतरवा. पक्कडीने कापू नका. सहाही खुंट्या आळीपाळीने थोड्या थोड्या सैल करत आणा आणि पार ढिल्या झाल्या की काढा.

कारण सांगतो. पहिल्या फोटोत गिटारच्या डोक्यात दोन लांब खाचा आहेत आणि खुंट्यांचे दांडे त्या खाचांमध्ये आडवे आहेत. दुसऱ्या फोटोत नेक रुंद आणि सपाट दिसतो आणि तो बरोबर बाराव्या फ्रेटला बॉडीशी मिळतो. तारा जिथे बॉडीला अडकतात त्या ब्रिजला पिना नाहीत. एकेक खूण सुटी धरली तर काही स्टीलच्या गिटारींतही सापडेल, पण सगळ्या एकत्र आल्या की शंका उरत नाही. तुमच्या मामांची गिटार नायलॉनच्या तारांची, म्हणजे क्लासिकल आहे. आणि तिसऱ्या फोटोत, ब्रिजवर जिथे नायलॉनच्या तारेची गाठ बसायला हवी, तिथे छिद्रांमागे पितळी गोळे अडकलेले स्पष्ट दिसतात. ते स्टीलच्या तारांचे गोळे. कुणीतरी कधीतरी, बहुधा आवाज मोठा यावा म्हणून, त्या लावल्या असाव्यात. ही चूक फार जणांकडून होते, मामांना दोष नको.

नायलॉनच्या सहा तारा मिळून साधारण चाळीस किलोंची ओढ देतात. स्टीलच्या, त्यातल्या 'लाइट' म्हणून मिळणाऱ्या बारा-त्रेपन्नच्या (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) संचाची ओढ सत्तरच्या पुढे जाते. म्हणजे जवळजवळ दुप्पट. क्लासिकल गिटारचा टॉप, म्हणजे बॉडीची वरची फळी, पातळ असतो, आतल्या पट्ट्या हलक्या असतात आणि बहुतेक वेळा नेकमध्ये ट्रस रॉड नसतोच. तुम्हाला भोक सापडलं नाही ते त्यामुळे. बारा वर्षं ही गिटार दुप्पट ओझं घेऊन कपाटावर झोपली होती. टॉप ब्रिजच्या मागे फुगला असणार, नेक पुढे झुकला असणार, म्हणून तारा वर गेल्या.

आता दिलासा. तुम्ही सहा मिलिमीटर वाचून घाबरलात, कारण सर शिकवतात ते स्टीलच्या गिटारचं माप : बाराव्या फ्रेटपाशी जाड्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास, बारक्या तारेखाली दोनच्या आत-बाहेर. क्लासिकलचं माप वेगळं. तिथे जाड्या तारेखाली चार आणि बारक्या तारेखाली तीन मिलिमीटर चालतात, कारण नायलॉनची तार हलताना जास्त जागा घेते. तेव्हा तुमची गिटार साडेतीन नव्हे, दोनच मिलिमीटरनी चुकलेली आहे. त्यातलं काही ओझं उतरल्यावर आपोआप खाली येईल. तारा काढून दोन-तीन आठवडे तिला तशीच राहू द्या, मग नायलॉनचा 'नॉर्मल टेन्शन' संच लावा आणि आठवड्याने पुन्हा पट्टी लावा.

तरीही उंची उरली तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, घासून कमी करता येतो. इथे एक साधं गणित आहे, ते न कळल्यामुळे बरेच सॅडल वाया जातात. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणून तिथे तार एक मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल दोन मिलिमीटर घासावा लागतो. सॅडल ब्रिजच्या वर दोनच मिलिमीटर उरला असेल तर घासायला जागाच नाही. मग काम नेकच्या कोनाचं आहे, आणि ते गिटार बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच जायला हवं. घासायचा झाला तर वरून नव्हे, खालच्या सपाट बाजूने, आणि जुना सॅडल जपून ठेवून नव्यावर हात चालवा. घासलेलं परत वाढवता येत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. जन्मभर पुरेल अशी गिटार एकदाच घेऊन टाकावी, हा विचार मला समजतो, पण त्यातला 'घेऊन टाकावी' हा भाग पटत नाही. अमेरिकन गायक विली नेल्सनची गिटार तुम्ही कधीतरी पाहिली असेल. मार्टिन कंपनीची एन-२०, त्याने १९६९ मध्ये घेतलेली. तीही नायलॉनच्या तारांची, मामांच्या गिटारच्याच जातीची. क्लासिकल गिटार बोटांनी वाजवायची म्हणून तिच्यावर पिकगार्ड, म्हणजे तारा छेडायच्या पिकचे ओरखडे झेलणारी पट्टी, नसते. हा गडी पिकने वाजवत राहिला आणि साउंडहोलशेजारी दुसरं भोक पडलं. पन्नासहून जास्त वर्षं ती गिटार चालली, पण नुसत्या चांगल्या लाकडाच्या जोरावर नव्हे. एक कारागीर ती नियमाने तपासतो आणि सांधतो, म्हणून. फ्रेट झिजतात, नट (डोक्याकडे तारा टेकतात ती खाचांची पट्टी) झिजतो, खुंट्या ढिल्या होतात, वीस-तीस वर्षांत नेकचा कोन बदलू शकतो. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं असतं. म्हणून गिटार निवडताना मी 'टिकेल का' यापेक्षा 'दुरुस्त करता येईल का' हे आधी बघतो.

टॉपबद्दल मात्र मी हट्टी आहे. सतारीची जशी तबली, तसा गिटारचा टॉप. आवाज बराचसा तिथेच होतो. स्पेनमधला कारागीर अंतोनियो दे तोरेस, ज्याच्या नमुन्यावर आजची क्लासिकल गिटार उभी आहे, त्याने १८६२ मध्ये एक गिटार बनवली जिची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या होत्या. टॉप मात्र खऱ्या लाकडाचा. त्याला हेच दाखवायचं होतं. म्हणून टॉप अखंड लाकडाचा घ्या, स्प्रूस किंवा सिडार. पाठ आणि कडा थरांच्या, म्हणजे लॅमिनेटच्या असल्या तर माझी काही तक्रार नाही. उलट हवेतल्या बदलांना त्या जास्त दाद देत नाहीत, आणि सगळीच गिटार अखंड लाकडाची असली की देखभालीची कटकट वाढते. रोझवुडची पाठ की महॉगनीची यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. पहिली चांगली गिटार घेणाऱ्याने त्यात पडू नये.

टॉप खरोखर अखंड आहे का, हे बघायला लेबल वाचू नका. साउंडहोलच्या काठावर उजेड पाडा. वरच्या पृष्ठभागावरच्या लाकडाच्या बारीक रेषा काठावरून वळून जाडीतही तशाच सरळ उतरत असतील तर ते अखंड लाकूड. काठात दोन-तीन थर सँडविचसारखे दिसले, किंवा रेषा काठाशी येऊन तुटल्या, तर थरांचं. कधी काठाला रंग किंवा पट्टी लावून हे झाकलेलं असतं. तसं असेल तर विचारा.

आकाराबद्दल. दुकानात सगळ्यात जास्त दिसते ती ड्रेडनॉट. १९१६ मध्ये मार्टिनने पहिल्यांदा बनवली आणि १९०६ च्या एका अजस्र ब्रिटिश युद्धनौकेवरून नाव दिलं. नावाप्रमाणेच मोठी. दहा जणांच्या गाण्यामागे कॉर्ड बडवायच्या तर छान. पण बसून दोन तास सराव करणाऱ्याचा उजवा खांदा तिच्या खोल बॉडीवरून वर उचलला जातो. तुम्ही बोटांनी वाजवत असाल, तर ओएम किंवा ट्रिपल-ओ हे लहान आकार आधी मांडीवर घेऊन बघा. कंबर बारीक, खोली कमी. आवाज थोडा लहान, पण तारा एकमेकींत मिसळत नाहीत. नेकही हातात धरून बघा. स्टीलच्या गिटारचा नट साधारण ४३ मिलिमीटर रुंद असतो, क्लासिकलचा ५२. तीन वर्षं मैत्रिणीची स्टीलची वाजवली असेल तर मामांच्या गिटारवर बोटं सुरुवातीला हरवतील.

बघायला जाल तेव्हा येतं तेच वाजवा, आणि हळू वाजवा. जोरात वाजवली की सगळ्याच गिटारी बऱ्या वाटतात. मग ती कुणाच्या तरी हातात द्या आणि समोर बसून ऐका, कारण वाजवणाऱ्याला गिटारचा आवाज अर्धाच कळतो. पहिल्या फ्रेटवर एफची बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरा. जमली नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. कितीतरी नव्या गिटारींच्या नटच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात आणि शिकणारा महिनोन्‌महिने बोटांना दोष देत बसतो. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटपाशी दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा : तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढीच फट हवी. त्याहून जास्त असेल तर नट उंच आहे. कारागिराचं अर्ध्या तासाचं काम आहे.

पुढची तपासणी : जाडी तार पहिल्या फ्रेटला आणि बॉडी सुरू होते त्या फ्रेटला एकाच वेळी दाबा. दाबलेली तार ही तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या फ्रेटपाशी तिच्याखाली दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी फट असली की नेक ठीक. फट अजिबात नसेल किंवा पोस्टकार्डं आत जात असतील तर ट्रस रॉड फिरवून बघता येईल. घड्याळाच्या दिशेने फिरवला की नेक सरळ होतो, उलट फिरवला की वाकतो. एका वेळी पाव फेरी, मग पुन्हा ट्यून करून मोजायचं. एक मात्र लक्षात ठेवा, ट्रस रॉड नेकचा बाक सुधारतो, नेकचा बॉडीशी असलेला कोन नाही. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटांपासूनची उंची, जास्त दिसली की ट्रस रॉड आवळणारे लोक दुरुस्तीवाल्यांची घरं चालवतात. वापरलेली गिटार घेणार असाल तर एक लांब सरळ पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजपर्यंत सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं किंवा जेमतेम वरून गेलं तर कोन चांगला. ब्रिजच्या पोटात जाऊन धडकलं तर गिटार कितीही गोड वाजो, नेक रीसेटचा, म्हणजे नेक काढून नव्या कोनात बसवण्याचा, हिशेब धरूनच बोला.

तारा खडखडतात का तेही बघा. सतार-तंबोऱ्याची जवारी आपण मुद्दाम काढून घेतो. गिटारमध्ये मात्र तो झणकार फ्रेट उंच-खाली असल्याची किंवा आतली एखादी पट्टी सुटल्याची खूण असतो.

'वाजवून वाजवून गिटार खुलते' असं तुम्हाला विकणारा सांगेल. नव्या गिटारचा आवाज काही महिन्यांत थोडा मोकळा होतो असं मलाही वाटतं, पण त्यात लाकूड किती आणि माझे कान-हात किती, हे मी शपथेवर सांगणार नाही. आज आवडत नाही ती गिटार दहा वर्षांनी आवडेल या आशेवर घेऊ नका.

आता सांभाळणं. तीन जणांनी तीन सल्ले दिलेत, त्यातला सरांचा आधी बाजूला ठेवा. रोज रात्री तारा सैल करायची गरज नाही. स्टीलच्या गिटारचा नेक आणि टॉप ती ओढ धरूनच घडवलेला असतो. रोज ओढायचं, रोज सोडायचं, यात नेकला स्थिर व्हायला सवड मिळत नाही आणि तारा लवकर मरतात. विमानाने जाणार असाल किंवा काही महिने वाजवणार नसाल तर एक-दोन सूर उतरवून ठेवा, बस्स.

भिंत की केस, याचं उत्तर हवेवर आहे. लाकूड आडवं फुगतं आणि आक्रसतं, उभं जवळजवळ हलत नाही. टॉप सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा आणि त्याच्या खाली आडव्या-तिरक्या पट्ट्या चिकटवलेल्या. हवा कोरडी पडली की टॉप आडवा आक्रसायला बघतो, पट्ट्या त्याला धरून ठेवतात, आणि दोघांच्या ओढाताणीत टॉपला चीर जाते. दमट हवेत उलट होतं : टॉप फुगतो, ब्रिज वर उचलला जातो, ॲक्शन वाढते, आवाज ओल्या ढोलकीसारखा बसतो. गिटारला सुखाची हवा म्हणजे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता. चाळीसच्या खाली बरेच दिवस गेले की चिरेची भीती. साठच्या वर फार काळ राहिली की फुगवटा.

म्हणून भिंतीच्या खुंटीआधी एक छोटा आर्द्रतामापक आणा आणि तो खरं बोलतो का ते तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओली वाळू होते तेवढं भिजवा, मीठ विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ६९ दाखवत असेल तर तुमचा मापक सहाने कमी बोलतो, तेवढं मनात धरून चला. खोलीतली हवा वर्षभर पन्नासच्या आसपास राहत असेल तर भाऊ म्हणतो तसं खुशाल भिंतीवर टांगा. फक्त उन्हाच्या आणि बाहेरच्या भिंतीवर नको, आणि हीटर किंवा एसीच्या झोताखाली तर नकोच. समोर दिसणारी गिटार जास्त वाजते, हा भावाच्या सल्ल्यातला खरा फायदा. आकडा वर-खाली नाचत असेल तर हार्ड केस, आणि आत दोन्ही दिशांनी काम करणारी आर्द्रतेची पाकिटं. सिलिका जेल नको. ते नुसतं शोषतं, थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही.

मापक हाताशी नसेल तेव्हा नेकच्या कडेवरून तर्जनी नटपासून बॉडीपर्यंत फिरवा. कड गुळगुळीत लागली तर छान. फ्रेटांची टोकं बारीक करवतीसारखी बोटाला लागली, तर फ्रेट वाढलेले नाहीत, फ्रेटबोर्ड आक्रसलाय. मी दर आठवड्याला ट्यून करायच्या आधी हे करतो, आता सवयच झालीय.

उष्णतेबद्दल माझी स्वतःची लाज सांगतो. एकदा बंद गाडीत गिटार ठेवून मी दुपारी दोन तास एका कामात अडकलो. परत येऊन केस उघडली तर वरून सगळं ठीक. संध्याकाळी ट्यून करताना जाडी तार चढेचना, खुंटी फिरवावी तेवढा सूर घसरत होता. उजेडात धरली तेव्हा दिसलं, ब्रिजच्या मागच्या कडेखाली काळी रेघ उघडली होती. उन्हाने सरस मऊ पडला आणि तारांनी आपलं काम केलं. तेव्हापासून गाडीत मी उकडत बसतो, पण गिटार खाली उतरते.

रोजचं काम फार नाही. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसा. तारा कधी बदलायच्या त्याला कॅलेंडर नाही. आवाज मेला, बोटाला खरखर लागली किंवा बाराव्या फ्रेटचा सूर आणि तिथेच तारेला नुसता स्पर्श करून निघणारा हार्मोनिक जुळेनासा झाला की बदला. सगळ्या एकदम काढल्या तरी बिघडत नाही, आणि तेवढ्यात फ्रेटबोर्ड पुसून होतो. रोझवुड किंवा एबनीच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एक-दोनदा तेलाचे चार थेंब लावून लगेच पुसून टाका. लिंबाचा रस नव्हे! 'लेमन ऑइल' नावाची बाटली वाचून कुणीतरी खरंच लिंबू पिळलेली गिटार माझ्या समोर आली आहे. सिलिकॉन असलेलं पॉलिश बॉडीला लावू नका, पुढे कधी चीर सांधायची वेळ आली तर तिथे काहीच चिकटत नाही. आणि चीर गेलीच, तर झटपट चिकटवणारा गोंद आत सोडू नका. कारागिराला आधी तुमचा गोंद काढावा लागतो.

काही वर्षांनी पहिल्या तीन फ्रेटांवर, बारक्या तारांखाली, छोट्या नाळी पडलेल्या दिसतील. त्या घासून समतल करता येतात, दोन-तीनदा झाल्यावर फ्रेट बदलावे लागतात. गिटार वाजतेय याचीच ती खूण, मन खट्टू करू नका.

माझं म्हणाल तर नवी गिटार आत्ता घेऊ नका. मैत्रिणीकडून महिनाभराची मुदत मागा आणि आधी मामांची गिटार काय म्हणते ते बघू. तारा उतरवल्या की टॉपवर बोटाच्या पेराने सगळीकडे हलके ठोका. कुठे खुळखुळ किंवा चिरका आवाज आला तर तिथली पट्टी सुटलेली असू शकते, त्या जागेवर चिकटपट्टीने खूण करा. मग एक पातळ कागद घेऊन ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. कागद शिरला तर किती आत गेला ते पेन्सिलने त्याच्यावरच लिहा, आणि तो आकडा मला कळवा.